आंबा आमचा, पाचोळा तुमचा

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की शेजाऱ्यांपासून सुटका होते, अशी कोथरूडमध्ये एक समजूत आहे. मुळशी तालुक्यातले निम्मे प्लॉट या समजुतीवरच खपले असावेत. जाहिरातीत सगळं असतं. डोंगर असतो, धुकं असतं, ओढा असतो, 'पुण्यापासून फक्त तीस मिनिटं' असतं (ती तीस मिनिटं पहाटे चारची, आणि तीही भूगावात लग्नाचे मुहूर्त नसताना). सारवलेल्या अंगणात एक झाड असतं आणि झाडाखाली एक आरामखुर्ची. शेजारी मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतो. अकरा गुंठ्यांचा तुकडा ताब्यात आला की कळतं, झाड एकच आहे पण आरामखुर्च्या दोन आहेत, मधे काटेरी तार आहे, आणि झाडानं सातबारा वाचलेला नाही.

तरीही पहिली काही वर्षं भांडण होत नाही, कारण भांडायला आधी ओळख लागते. शनिवारी दुपारी गाडी येते. डिकीतून गुलाबाची कलमं, शेणखताची पिशवी आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन उतरतात. रविवारी संध्याकाळी तीच गाडी टायरला चिखल घेऊन परत जाते. शेजारच्या फाटकातूनही अशीच एक गाडी ये-जा करत असते. दोघं एकमेकांना लांबून हात करतात, 'काय हवा आहे नाही!' म्हणतात आणि आपापल्या जाळीमागे जातात. गावाच्या लेखी दोघंही नुसते 'प्लॉटवाले'. मग एक दिवस फांदीवरून आवाज चढतो, तो ओढ्यापलीकडे ऐकू जातो, आणि दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दोघांचंही बारसं झालेलं असतं. पौडच्या पुढे, कोळवणच्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथे ही नावं 'आंबेवाले काका' आणि 'पत्रेवाले काका' अशी पडली. माझं तर मत झालंय की मुळशीत जमीन खरेदीखतानं मिळते, पण माणूस तिथे राहायला येतो तो पहिल्या भांडणापासून.

गावच्या लोकांना आमच्या भांडणांचं हसू येतं. त्यांच्याकडे या गोष्टीला शिस्त आहे. दर वर्षी नांगराचं एक तास बांधात घालायचं, पलीकडच्यानं ते बघून न बघितल्यासारखं करायचं, आणि चौथ्या वर्षी एखाद्या लग्नाच्या पंगतीत मागच्या तिन्ही वर्षांचा हिशेब काढायचा. बांधावर झाड असेल तर फळ निम्मं-निम्मं, वाळकी फांदी ज्याच्या बाजूला पडेल त्याची, आणि सावलीनं ज्याचं भात मरतं त्याला कैऱ्या आधी. कागदावर यातलं काही नाही, पण नातवापर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. प्लॉटवाल्यांना हे पाठ नसल्यामुळे ते थेट कायद्यावर जातात.

शिवाय या तालुक्याला भांडणाचा थोर वारसा आहे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. एका बाजूला मुंबईला वीज पुरवणारी बलाढ्य कंपनी आणि तिच्या मागे इंग्रज सरकार, दुसऱ्या बाजूला आंबेमोहोर पिकवणारी माणसं. धरण शेवटी झालंच, पण भांडण बरोबरीच्याशी करू नये, आपल्यापेक्षा मोठ्याशी करावं, एवढं या खोऱ्यानं दाखवून दिलं. त्याच खोऱ्यात आज शेवग्याच्या सुरवंटावरून दोन निवृत्त माणसं एकमेकांच्या पेन्शनपर्यंत जातात. सेनापतींनी हे बघितलं असतं तर झाडू घेऊन पाचोळा स्वतःच काढला असता. झाडू त्यांच्या हातात असायचाच.

शेवग्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो, झाडागणिक भांडणाची जात बदलते. शेवगा हा मुळात ठिसूळ. जरा वारा सुटला की मोडतो, आणि मोडतो तो पलीकडच्याच अंगणात. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची दाटी होते. ते भिंत चढतात, उतरतात आणि शेजारच्या दोरीवरच्या टॉवेलात मुक्काम करतात. शेंगा मात्र अलीकडच्या बाजूला लागतात. नारळाचं वेगळं. मुळशीत नारळ लावणारा माणूस हटकून रत्नागिरीचा किंवा सिंधुदुर्गाचा असतो आणि त्याला त्यातून खोबरं नको असतं, आठवण हवी असते. नारळाला डोळे असतात, तो कुणाच्या डोक्यात पडत नाही, असं तो शेजाऱ्याला समजावतो. हा भरवसा गाडीच्या काचेला लागू नाही, हे पुढे इन्शुरन्सवाला समजावतो. सप्तपर्णी दिवाळीच्या आगेमागे फुलते आणि रात्रभर घमघमते. एका घराला तो सुगंध वाटतो, दुसऱ्या घरात खिडक्या लावून अमृतांजन चोळलं जातं. वासाची हद्द मोजून देणारं खातं अजून निघालेलं नाही, म्हणून ते भांडण दर कार्तिकात नव्यानं होतं. सुबाभळीची तर गंमतच. ती सगळीकडे असते आणि लावलेली कुणीच नसते. भांडायला समोर माणूसच नाही म्हटल्यावर लोक चडफडत बसतात.

बांबू हे या सगळ्यात चलाख. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि झाडाच्या व्याख्येतून बांबूला वगळलं. शेतकऱ्याला स्वतःच्या रानातला बांबू परवान्याशिवाय तोडता-विकता यावा हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण आमच्या वस्तीत एकांच्या बांबूचे कोंब कुंपणाखालून दुसऱ्यांच्या तुळशीवृंदावनाशेजारी निघाले तेव्हा बांबूवाल्यांनी याच दुरुस्तीचा दाखला दिला. 'आमचं झाड तुमच्याकडे आलेलंच नाही. कायद्यानं ते झाडच नाही.' 'मग काय आहे?' 'गवत.' वृंदावनवाल्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या दोन बायका बोलावल्या. चार दिवस बांबूवाले कुणाशी बोलत नव्हते.

कायद्याचं आणि झाडाचं नातं मुळशीत आणखी अवघड आहे, कारण तालुक्यातून शहराची हद्द जाते आणि ती एका जागी राहत नाही. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. त्याच्या यादीत सोळा झाडं: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यातलं झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी विचारल्याशिवाय तोडायचं नाही. शहरात १९७५ चा नागरी क्षेत्राचा कायदा. तिथे यादीबिदी नाही, वृक्ष अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय कुठलंच झाड पाडायचं नाही. आता सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशीची गावं. ३० जून २०२१ ला ती पुणे महापालिकेत गेली. म्हणजे सूसमधला एखादा सिल्व्हर ओक रात्री ग्रामपंचायतीत झोपला आणि सकाळी उठला तो महापालिकेचा नागरिक होऊन, आणि तोही शेजाऱ्यांच्या आदल्या दिवशी ठरलेल्या करवतीच्या वेळेआधी. त्याच वर्षी १९७५ च्या कायद्यात आणखी एक भर पडली. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. तेव्हापासून झाडाचं वय चोरायची पद्धत सुरू झाली. पूर्वी हे फक्त स्थळं बघताना व्हायचं.

या सोळांच्या यादीत वड, पिंपळ आणि उंबर नाहीत हे लक्षात आलं असेल. विसरले असतील असं वाटत नाही. ही तीन झाडं ज्या खात्याकडे आहेत तिथे अर्ज लागत नाही. आमच्याच वस्तीत दोन प्लॉटच्या सामाईक भिंतीत उंबराचं रोप उगवलं. पहिल्या वर्षी दोन पानं होती, दोघांनीही बघितली आणि दोघांनाही वाटलं की दुसरा उपटेल. दुसऱ्या वर्षी भिंतीला चीर गेली. 'तुम्ही काढता का?' 'छे हो, तुमच्या बाजूला जास्त आहे.' 'मुळं तुमच्याकडे आहेत.' एरवी एका फुटासाठी हमरीतुमरीवर येणारी ही माणसं उंबर दुसऱ्याच्या हद्दीत ढकलण्यासाठी टेप घेऊन उभी होती. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी कुणीतरी तिथे उदबत्ती लावली आणि प्रश्न संपला. भिंत पाडली, उंबराला वळसा घालून पुन्हा बांधली, खर्च निम्मा-निम्मा. आमच्याकडे विनातक्रार निम्मा झालेला हा एकमेव खर्च.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पन्नास वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. तशा देवराया मुळशी-मावळातल्या गावांना आजही आहेत. तिथलं वाळकं लाकूडसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. शेकडो झाडं, एकमेकांत घुसलेल्या फांद्या, गुडघाभर पाचोळा, आणि भांडण शून्य. मालक एकच आणि तो पत्रे टाकत नाही, हे मला त्यातलं मुख्य कारण दिसतं.

तर पत्र्यांकडे येतो.

पत्रेवाले काका बँकेच्या कायदा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीसाठी कुंपणाला लागून पत्र्याची शेड घातली. आंबेवाले काका पाटबंधारे खात्यातले. त्यांच्या मते आंबा त्यांच्या आजेसासऱ्यांनी लावलेला. प्लॉट घेऊन पंधरा वर्षंही झाली नसताना आजेसासरे तिथे कसे पोचले, हे त्यांना कुणी विचारत नाही. आंबा रायवळ, कोयीला जास्त दोर असलेला, पण रसाला असा की हापूस खाणाऱ्यानं गप्प बसावं. झाड कुंपणाच्या तारेत वाढलेलं, इतकं की तारेचा एक पीळ खोडाच्या आत गेलेला आणि वरून साल मिटलेली. निम्म्या फांद्या अलीकडे, निम्म्या शेडवर.

या झाडाची मालकी महिन्यागणिक फिरते. माघात मोहोर येतो तेव्हा पत्रेवाल्या काकू पाहुण्यांना अंगणात नेऊन म्हणतात, 'आपल्या आंब्याला बघा कसा मोहोर आलाय!' फाल्गुनात पानं गळायला लागतात आणि शेडच्या पन्हळीत अडकतात तेव्हा ते झाड 'त्यांचं' होतं, 'त्यांना काही वाटतच नाही' असं म्हणून. चैत्रात कैरी धरते. हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं दोन्ही घरी एकाच झाडाचं होतं आणि महिनाभर मालकीचा उल्लेख दोन्ही बाजूंनी टाळला जातो. वैशाखात पाड लागतो. इथून पुढे माणुसकी पातळ होत जाते.

'तुमचा आंबा आमच्या पत्र्यावर पडतो.'

'पिकला की पडणारच.'

'रात्री दीड वाजता पडतो हो! बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. हिला बीपी आहे.'

'मग त्याला काय, ऑफिसच्या वेळा लावून देऊ?'

'पत्र्याला पोचे आलेत. सतरा.'

'सतरा आंबे पडले म्हणजे. ते कुठे आहेत?'

इथे पत्रेवाले काका थांबले. मी फाटकाशी दुधाची पिशवी घेऊन उभा होतो, त्यामुळे मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस काढण्याचा आवाजही ऐकू येत होता.

त्यानंतर दोन्ही बाजूंना पाट्या लागल्या. माणूस कितीही मुळशीकर झाला तरी पुण्याचं रक्त पाटीवर उतरतंच. आंबेवाल्यांनी लावली, 'या झाडावरील आंबे मोजलेले आहेत.' संध्याकाळपर्यंत पलीकडून उत्तर आलं, 'पत्र्यावरील पोचेही मोजलेले आहेत. बिल कुंपणातून द्यावे.' प्लॉटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सर्व सभासदांना नम्र विनंती' असा एक संदेश पडला. त्यात नाव कुणाचंच नव्हतं. तेवीस जणांनी हात जोडले, त्यातले दोन हात या दोघांचे होते.

पत्रेवाले काका मग कायद्याच्या पुस्तकांत शिरले आणि तिथून ते उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले. इंग्लंडात १८९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे झाडांच्या फांद्यांचा खटला गेला होता. वादीचं नाव लेमन, प्रतिवादी वेब. वेबनं आपल्या हद्दीत आलेल्या लेमनच्या फांद्या न विचारता छाटल्या. लेमनचं म्हणणं, फांद्या कित्येक वर्षं तिथे आहेत, आधी नोटीस तरी द्यायची. लेमन हरला. आपल्या जमिनीवर उभं राहून, पलीकडे पाय न टाकता, आत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटता येते असं ठरलं. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढेही फांद्यांचाच वाद आला होता, आणि वर्षानुवर्षं फांदी शेजाऱ्याच्या जागेवर आहे एवढ्यावर तिचा तिथे हक्क होत नाही, असाच निकाल लागला. 'वहिवाटीनं फांदीला हक्क मिळत नाही!' हे वाक्य काकांनी कुंपणापाशी तीनदा म्हटलं.

आंबेवाल्यांनी भाच्याकडून उत्तर मागवलं. भाचा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं १९१९ चा दुसरा इंग्रजी खटला काढून दिला. तिथे एकानं शेजाऱ्याच्या आत आलेल्या फांद्यांवरची सफरचंदं तोडून विकली आणि न्यायालयानं त्याला पैसे भरायला लावले. फांदी छाटा, पण फळ झाडवाल्याचंच. आता परिस्थिती अशी झाली की पत्रेवाल्यांना फांदी कापता येत होती पण आंबा खाता येत नव्हता. त्यांनी फांदीचा विषय त्या दिवसापासून काढला नाही. विलायतेतल्या दोन निकालांनी कोळवणच्या रस्त्यावरची एक फांदी वाचवली.

आंबे उतरवायला दरवर्षी गावातले मामा येतात. कमरेला कोयता, हातात झेला, पायाला चप्पल नाही. वय विचारलं तर 'धरणाच्या नंतरचा' एवढंच सांगतात. (मुळशीत याचा अर्थ पंचवीस ते शंभर काहीही होतो, कारण धरणंही बरीच आहेत.) मामा शेंड्याला गेले की खाली दोन्ही काका आपापल्या बाजूला पोतं पसरून उभे. 'मामा, ती फांदी आमची!' 'मामा, हात इकडे टाका!' मामा झेल्यानं आंबा हलकेच काढतात, देठाशी चीक गळू देतात, आणि एक इकडे, एक तिकडे असं न बोलता सोडत जातात. मधेच तिसरा आंबा त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरच्या झोळीत जातो. आंबेवाल्यांनी एकदा वर बघून विचारलं, 'मामा, तो कुणाचा?' मामा वरूनच म्हणाले, 'बांधावरच्या झाडाला तीन वाटेकरी. मालक, शेजारी आणि चढणारा.' दोन्ही काकांना झाडावर चढता येत नाही. चर्चा तिथेच संपली.

झाड आपलं आहे याचा सरकारी पुरावा असावा, ही कल्पना त्यानंतर आली आणि दोघांना एकाच आठवड्यात आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्यानं मोबाइलवर स्वतःच्या पिकाचा फोटो काढून नोंद करायची. त्या अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. आंबेवाल्यांनी पूर्वेकडून उभं राहून आंब्याचा फोटो काढला, पत्रेवाल्यांनी पश्चिमेकडून. दोघांनी आपापल्या गटात 'आंबा, संख्या १' अशी नोंद केली. महाराष्ट्राच्या फळबागेत बसल्या जागी एका झाडाची वाढ झाली. इतक्या सहज वृक्षारोपण झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग तंटामुक्तीचे अध्यक्ष आले. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि पोलीस ठाण्यात जाणारी भांडणं गावातच मिटवायच्या समित्या गावोगाव बसल्या. आमच्याकडचे अध्यक्ष अनुभवी आहेत. ते आधी आंबेवाल्यांकडे चहा प्यायले आणि म्हणाले, 'पलीकडचे हट्टी आहेत, पण मनानं चांगले.' मग पत्रेवाल्यांकडे चहा प्यायले आणि तेच म्हणाले. दोन्हीकडून एकेक पिशवी आंबे घेऊन ते निघाले. जाताना मला हळूच म्हणाले, 'मृग लागेपर्यंत ताणायचं. पुढे पाऊसच बघून घेतो.' हे मात्र खरं. मुळशीत चार महिने कुठलंच भांडण कुंपणाशी उभं राहू शकत नाही. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अशा पावसात माणसाला फांदीपेक्षा छताची काळजी असते, आणि छत गळायला लागलं की ताडपत्री शेजाऱ्याकडेच मागावी लागते.

पण या भांडणाच्या वर्षी पाऊस लांबला आणि पत्रेवाल्यांनी मोजणीचा अर्ज टाकला.

मोजणी हा मुळशीतला खरा उत्सव. भूमी अभिलेखच्या नोटिसा लगतच्या सगळ्या कब्जेदारांना जातात, त्यामुळे वर्षानुवर्षं न दिसलेली माणसं टोप्या घालून उगवतात. मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हर घेऊन आले. उंच काठी, वर पांढरी तबकडी, आकाशातल्या उपग्रहाशी थेट बोलणं. पूर्वी साखळी ओढायचे तेव्हा साखळी धरणाऱ्याला एक चहा पाजून फूटभर इकडेतिकडे करता येईल अशी लोकांची श्रद्धा तरी होती. उपग्रहाला चहा पाजता येत नाही. दोन्ही काका नवीन शर्ट घालून उभे होते. काकूंनी दोन्हीकडून पोहे आणले आणि भूकरमापकांनी दोन्ही परत पाठवले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, असं तंटामुक्तीचे अध्यक्ष नंतर म्हणाले.

चुन्याच्या खुणा पडत गेल्या तसतशी माणसं गप्प होत गेली. हद्द आंब्याच्या या बाजूनं जाईना आणि त्या बाजूनंही जाईना. ती आठ फूट लांब, भलत्याच ठिकाणी निघाली. आंबा आंबेवाल्यांचा नाही, पत्रेवाल्यांचाही नाही. तो या दोघांच्या मधे निमूट घुसलेल्या तिसऱ्या गटाच्या चिंचोळ्या पट्टीत होता. पट्टीचा मालक सिंगापूरला असतो. त्याच पट्टीत पत्रेवाल्यांची अर्धी शेड होती आणि आंबेवाल्यांची बोअर तर पूर्णच होती.

त्या रात्री आंब्यावरून कसलाही आवाज आला नाही. आला तो पत्रेवाल्यांच्या ओट्यावरून, दोन खुर्च्या ओढल्याचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाट्या काढलेल्या होत्या. आणि दोन्ही काका माझ्याकडे, अक्षर बरं आहे म्हणून, अर्ज लिहून घ्यायला आले. मोजणी मान्य नाही, निमताना मोजणी व्हावी. काका सांगत होते आणि मी लिहीत होतो, 'सदर जागेवर आमची वर्षानुवर्षांची उघड व निर्वेध वहिवाट असून…' मी पत्रेवाल्यांकडे बघितलं. 'फांदीला वहिवाटीचा हक्क नाही म्हणालो होतो,' ते म्हणाले, 'शेडला नाही असं कुठे म्हणालो?' आंबेवाल्यांनी मान डोलावली. भाच्याचंही तेच मत पडलं, असं ते म्हणाले.

खाली कुणाचं नाव आधी यावं यावर अर्धा तास गेला. शेवटी वयानुसार लिहायचं ठरलं आणि वयं काढल्यावर दोघं एकाच शाळेत, एका वर्षाच्या अंतरानं शिकल्याचं निघालं. त्यात आणखी तास गेला. मग झाडाचा परिच्छेद आला. आंबेवाल्यांनी सांगितलं, 'लिहा, सदर आंब्याचे उत्पन्न आम्ही उभयता प्रथमपासून गुण्यागोविंदाने निम्मे-निम्मे घेत आलो आहोत.' पत्रेवाल्यांनी 'गुण्यागोविंदाने'च्या खाली रेघ मारायला लावली.

साक्षीदार गावातला हवा म्हणून मामांना बोलावलं. मामांनी कागद हातात घेतला नाही, मला वाचून दाखवायला सांगितलं. आंब्याच्या परिच्छेदाशी त्यांनी हात वर करून थांबवलं.

'निम्मं-निम्मं चुकलंय,' मामा म्हणाले. 'तीन वाटे लिहा, मग सही करतो.'